तळोज्याचं घर, पुरंदरचे दोन गुंठे आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. ‘ताई’ अशी सुरुवात करून पुढे तुम्ही स्पष्ट रागावलात, ते बरं झालं. तुमच्या मनात आहे तेच अनेकांच्या मनात असतं, पण ते बोलत नाहीत. म्हणून चार ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी म्हटलं होतं, की गुंतवणूक म्हणून घर किंवा जागा घ्यायची असेल, तर परिसर येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या बातमीवरून निवडू नका, झालेल्या व्यवहारांच्या नोंदींवरून निवडा. यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, तुमच्या मेव्हण्यांनी २००९ मध्ये नवी मुंबईच्या बाजूच्या तळोज्याला १८ लाखांना वन बीएचके घेतला, कसलाही अभ्यास न करता, आणि आज त्याचे ४५ लाख येतात. मेट्रो आली, विमानतळही आला, मग अभ्यास करून घरी बसलेल्यांनी काय मिळवलं? दुसरा, इंडेक्स टूवरचे, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावरचे, आकडे खरे नसतात, अर्धा व्यवहार रोखीने होतो. तिसरा, तुम्ही स्वतः पुण्याजवळ पुरंदरला, होऊ घातलेल्या विमानतळाच्या बाजूला दोन गुंठे बघताय आणि माझ्यासारखी माणसं मध्यमवर्गाला भीती घालून त्याची एकुलती एक संधी घालवतात.

मी बरीच वर्षं एका बँकेत घरकर्जाच्या प्रस्तावांची कागदपत्रं आणि मूल्यांकन पाहिलं. त्या टेबलावर आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेली माणसं पाहिली आहेत, त्यामुळे या विषयात मला अलिप्त राहता येत नाही. तुमचे पैसे वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

आधी मेव्हण्यांचं घर घेऊ. १८ चे ४५, म्हणजे सोळा वर्षांत अडीचपट. ऐकायला मोठं वाटतं. वर्षाला चक्रवाढीने काढलं तर हा दर सहा टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. त्याच काळात पीपीएफवर कित्येक वर्षं आठ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज मिळत होतं, तेही करमुक्त, आणि दर उतरल्यावरही तो ७.१ टक्क्यांवर थांबला. पीपीएफमध्ये एकदम १८ लाख भरता येत नाहीत हे मला माहीत आहे. मी फक्त मोजपट्टी दाखवते आहे.

याहून बोलकी मोजपट्टी आयकर खात्याची आहे. महागाईचा हिशेब धरण्यासाठी सरकार दरवर्षी एक निर्देशांक जाहीर करतं. २००९-१० चा निर्देशांक १४८ होता, २०२५-२६ चा ३७६ आहे. १८ लाखांना ३७६ ने गुणून १४८ ने भागा. उत्तर येतं ४५ लाख ७३ हजार. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने तुमच्या मेव्हण्यांचे ४५ लाख हे २००९ चे १८ लाखच आहेत, उलट थोडे कमी. आणि हा निर्देशांक ग्राहक महागाईच्या वाढीचा पंचाहत्तर टक्केच भाग धरतो, म्हणजे खरी महागाई याहून जास्त. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोळा वर्षांचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मी अजून धरलेला नाही. कर्ज असेल तर व्याजही नाही. भाडं मिळालं असेल तर ती जमेची बाजू आहे, ती मी नाकारत नाही. पण अशा घराचं वर्षाचं भाडं सहसा किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यातला बराच भाग खर्चातच जातो.

यात त्यांच्या कामाची एक गोष्ट आहे, ती सांगून टाकते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर विकलं, तर निवासी भारतीय व्यक्तीला दोन पर्याय मिळतात: निर्देशांक न लावता नफ्यावर १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. पहिल्या पर्यायात २७ लाखांच्या नफ्यावर सेस सोडून साधारण ३ लाख ३७ हजार कर बसेल. दुसऱ्यात करपात्र नफाच उरत नाही. विकायचं ठरवलं तर सीएकडून दोन्ही हिशेब करून घ्यायला सांगा.

आता खरा प्रश्न. मेट्रो आली, विमानतळ आला, आणि तरीही घर महागाईच्या पुढे का गेलं नाही?

तारखा बघा. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं उडाली २५ डिसेंबर २०२५ ला. बेलापूर–पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि ११ किलोमीटरचा तो मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ ला खुला झाला. म्हणजे मेव्हण्यांनी घर घेतलं तेव्हा विमानतळ बातमीत होताच. त्यांनी भरलेल्या १८ लाखांत त्या बातमीची किंमत आधीच होती. ती बिल्डरने २००९ मध्येच वसूल केली. विमानतळासाठीची सोळा वर्षांची वाट मात्र मेव्हण्यांनी पाहिली. प्रकल्प पूर्ण होतो की नाही यापेक्षा तो किती वर्षांनी होतो आणि त्याची किंमत आपण आधीच किती मोजली आहे, हे गुंतवणूकदाराला कळायला हवं. अधल्यामधल्या काळात नोटाबंदी, रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), जीएसटी, २०१८ मधली बिगरबँक वित्तसंस्थांची अडचण, कोविड, असं एकामागून एक येत गेलं आणि घरांचे भाव वर्षानुवर्षं जागेवर राहिले. आज वाढ दिसते ती मुख्यतः त्यानंतरची आहे.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. ते म्हणजे पुरवठा. तळोज्यात मोकळी जमीन भरपूर होती आणि अजूनही आहे. सिडकोने २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत काढली, त्यात तळोजा होतं. २०२४ मध्ये २६,००० घरांची योजना आणली, त्यातही तळोजा होतं, आणि आर्थिक दुर्बल गटासाठीची तिथली घरं २५-२६ लाखांच्या आसपास जाहीर झाली. मग ४५ लाखांचं सोळा वर्षं जुनं घर घ्यायला येणारा माणूस काय विचार करेल? समोर नवी इमारत, लिफ्ट नवी, कर्ज सहज. पात्र असेल तर तो सोडतीचा अर्ज भरेल, नसेल तर शेजारच्या सेक्टरमधल्या नव्या बिल्डरकडे जाईल. जिथे दरवर्षी नवी हजारो घरं उभी राहू शकतात, तिथे जुन्या घराची किंमत नव्या घराच्या सावलीतच राहते. मेट्रो आली की मागणी वाढते हे खरं, पण त्याच मेट्रोच्या भरवशावर आणखी दहा टॉवर उठतात.

म्हणून मी परिसर बघते तेव्हा ‘इथे काय येणार आहे’ हा प्रश्न पहिला नसतो. पहिला प्रश्न असतो, इथे राहायला धडपडणारी पगारदार माणसं किती, आणि त्यांच्यासाठी अजून किती घरं बांधता येतील. पुण्यात बाणेर-बालेवाडीचं उदाहरण घ्या. नोकऱ्या हिंजवडीत होत्या, पण हिंजवडी ग्रामपंचायतीत राहिली. रस्ते, पाणी, सांडपाणी या सगळ्याची ओढाताण. तिथे काम करणाऱ्या माणसाने घर बघितलं ते वाकड, बालेवाडी, बाणेरला, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत आणि कंपनीच्या बसच्या टप्प्यात. बाणेरची टेकडी, नदी आणि महामार्ग यांमध्ये जमीनही ठरावीकच. नोकरीची जागा आणि भाव वाढण्याची जागा एकच असते असं नाही, हे तिथे स्वच्छ दिसलं.

आता इंडेक्स टू. तुमचा आक्षेप रास्त आहे आणि मूळ लेखात या गोष्टीला जागा द्यायला हवी होती, म्हणून इथे नीट सांगते. रोखीचा व्यवहार होतो. पण तो सगळीकडे सारखा होत नाही. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, विशेषतः कर्जाचा ग्राहक असेल तर, कराराची किंमत खऱ्या किमतीच्या बरीच जवळ असते, कारण बँक कर्ज देते ते करारावरच्या रकमेवर. करारात कमी लिहिलं तर खरेदीदाराचंच कर्ज कमी होतं. जून २०१५ पासून स्थावर व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारण्याला बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. रोखीचं प्रमाण खूप असतं ते शेतजमीन, गुंठ्याचे प्लॉट आणि जुन्या वाड्यांमध्ये. म्हणजे जिथे तुम्ही पैसे टाकायला निघाला आहात, नेमकं तिथे.

आणि इंडेक्स टूवर मी किमतीचा एकच आकडा बघत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. गाव निवडा, गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाका, वर्ष टाका. ज्या परिसरात घ्यायचं आहे तिथली दहा-बारा वर्षं जुनी एक सोसायटी धरा, नवी नको. तिच्यात २०१४, २०१८, २०२१, २०२४ अशा वर्षांत फेरविक्री किती झाली आणि कोणत्या दराने, हे मांडा. त्यात रोखीचा भाग असला तरी दर वेळी साधारण त्याच प्रमाणात असतो, त्यामुळे चढ आहे की सपाटी, एवढं कळतं. दोन गोष्टी जपायच्या. जुन्या करारांत बिल्टअप, म्हणजे भिंती धरून क्षेत्र लिहिलेलं असतं आणि रेरानंतरच्यांत कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र, तेव्हा दर काढताना क्षेत्र एकच धरा, नाहीतर नसलेली वाढ दिसेल. आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणलं होतं, त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत ते तीन टक्के होतं. त्या महिन्यांत दस्तांची रांग लागली होती. तो उसळलेला आकडा बघून परिसर तेजीत आहे असं ठरवू नका.

त्या सोसायटीत बिल्डरने विकलेले दस्तच दिसत असतील आणि फेरविक्री जवळपास नसेल, तर तिथल्या घराला भाव आहे हे अजून सिद्धच झालेलं नाही. जाहिरातीतला दर बिल्डरचा असतो. तुम्ही विकायला बसाल तेव्हा त्या दराने घेणारा कोणी भेटतो का, हे फेरविक्रीच सांगते. महारेराच्या संकेतस्थळावरही तेच शोधायचं: त्या गावात किती प्रकल्प नोंदलेले आहेत, प्रत्येकात किती घरं, त्यातली किती बुक झाली, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली. एकाच गावात वीस प्रकल्प अर्धवट विकलेले असतील, तर ते तुमचे पुढच्या दहा वर्षांतले स्पर्धक आहेत. रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, मात्र मी फक्त तळाची खूण म्हणून बघते, तो बाजाराच्या मागे मागे चालतो.

पाण्याबद्दल एवढंच, की टँकरचं बिल सोसायटीच्या हिशेबाच्या कागदात दिसतं, ते मागा. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावं आली. गाव महापालिकेत गेलं म्हणजे पाणी आलं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा नांदेड, किरकटवाडीच्या पाण्याची चर्चा झाली, ती गावं याच यादीतली. आणि नदीकाठी बघत असाल तर पूररेषा बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. २५ जुलै २०२४ ला पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा तिथल्या घरमालकांना हा विषय कळून उपयोग नव्हता.

एक मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण मेव्हण्यांच्या घराला तो थेट लागू आहे. वाढते ती जमीन. इमारत दरवर्षी जुनी होते, तिचं मूल्य घटतं. फ्लॅटमध्ये तुमची खरी गुंतवणूक म्हणजे तुमच्या वाट्याचा जमिनीचा अविभक्त हिस्सा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेअन्स) झालेलं नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी अडचण तिथेच सुरू होते. फ्लॅटच्या मालकीचा कायदा १९६३ चा आहे, बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीने अर्ज करून मिळवायच्या मानीव अभिहस्तांतरणाची सोय २००८ मध्ये आली, तरी कितीतरी सोसायट्यांनी अजून अर्जही केलेला नाही. जुन्या पुण्यात, दादर-पार्ल्यात चार मजली इमारतीतला छोटा फ्लॅट भाव खातो, कारण थोड्या घरांमागे जमीन जास्त असते आणि बाजूला नवी जमीन नसते. वीस मजली टॉवरमधल्या फ्लॅटवाल्याच्या वाट्याला जमीन फारच थोडी येते. सिडकोने दिलेली जमीन तर सहसा भाडेपट्ट्याची असते. मेव्हण्यांना सोसायटीचे कागद बघायला सांगा.

आणि आता पुरंदर. इथे मला काळजी वाटते, म्हणून थोडं कठोर लिहिते.

पुण्याच्या नव्या विमानतळाची जागा आधी चाकण-खेड भागात होती. तिकडे वर्षानुवर्षं ‘एअरपोर्ट टच’ प्लॉट विकले गेले. २०१६ मध्ये जागा पुरंदरला गेली. पुढे पुरंदरमध्येच दुसऱ्या जागेचा प्रस्ताव आला, संरक्षण खात्याने मंजुरी मागे घेतली, आणि फिरून पहिलीच जागा पक्की झाली: वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. या सात गावांतल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या जमिनी जात आहेत, त्यांचं दुःख वेगळंच आहे. पण गुंतवणूकदार म्हणून तुम्ही बघा, की प्रत्येक वेळी जागा हलली तेव्हा आधीच्या जागेवर प्लॉट घेऊन बसलेल्यांचं काय झालं असेल.

तुम्ही म्हणाल, मी त्या सात गावांत घेत नाही, लगतच्या गावात घेतोय. मग नैना बघा. नैना म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचा गावांचा पट्टा. त्यासाठी २०१३ मध्ये सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झाली. तिथल्या नगररचना योजनांत मालकाची साठ टक्के जमीन रस्ते, सुविधा आणि प्राधिकरणाकडे जाते, चाळीस टक्के विकसित भूखंड म्हणून परत मिळते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं. पुरंदरभोवती असं काही आलं, तर तुमच्या दोन गुंठ्यांचे, म्हणजे २,१७८ चौरस फुटांचे, ८७१ चौरस फूट उरतील. मोठ्या जमिनीच्या मालकाला ते परवडतं, कारण त्याला मिळालेल्या भूखंडावर इमारत होऊ शकते. तुमच्या वाट्याला काय येईल?

‘पीएमआरडीएच्या आराखड्यात आर झोन आहे’, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती जागा निवासी दाखवली आहे, असं एजंटने तुम्हाला सांगितलं, हेही तुम्ही लिहिलं आहे. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्द केला. त्या प्रारूपातला पिवळा रंग दाखवून कोणी प्लॉट विकत असेल, तर तो रद्द झालेला कागद दाखवतो आहे. मंजूर आराखड्यातली गोष्टसुद्धा होईलच असं नाही. पुण्याचा एचसीएमटीआर हा वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात आहे आणि अजून कागदावरच आहे.

शिवाय दोन गुंठ्यांचा व्यवहार कसा होणार हे एजंटला विचारा. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे, आणि २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत, म्हणजे किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवलं. अलीकडे आधीच्या तुकड्यांना काही सवलती आल्या आहेत, पण त्यावर विसंबून आज नवा व्यवहार करू नका. अशा वेळी एजंट तीन मार्ग सुचवतात: दहा-बारा जणांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक चढवायची, किंवा नोटरी साठेखत करायचं, किंवा कुलमुखत्यारपत्र घ्यायचं. सामाईक सातबाऱ्यावर तुमचा तुकडा कोणता हे कुठेच लिहिलेलं नसतं, बँक त्यावर कर्ज देत नाही, आणि उद्या विकायला निघालात तर बाकीच्या अकरा जणांशी गाठ. बँकेत असे कागद घेऊन मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागायला आलेले लोक मी पाहिले आहेत. जमीन त्यांचीच होती, पैसेही त्यांनीच दिले होते, पण त्या कागदावर त्यांना एक रुपयाही उभा करता येत नव्हता.

मध्यमवर्गाची संधी मी घालवते, या तुमच्या वाक्याने मला खरंच वाईट वाटलं. पाच-सात लाख ही तुमच्यासाठी किती वर्षांची बचत आहे, हे मला कळतं. म्हणूनच म्हणते, प्लॉटच घ्यायचा असेल तर मंजूर रेखांकनाचा, बिनशेती आदेश झालेला, स्वतंत्र सातबारा किंवा मिळकतपत्रिका असलेला घ्या, मग तो सासवडला असो वा अन्य कुठे. गुंठ्याच्या प्लॉटपेक्षा तो महाग पडतो आणि लहान मिळतो, पण त्यावर कर्ज मिळतं आणि तो विकता येतो.

एजंटला टोकन द्यायच्या आधी गट क्रमांक घ्या. महाभूलेखवर सातबारा काढा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा, भोगवटादार वर्ग दोन, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर तिथेच थांबा. मागच्या तीस वर्षांचे फेरफार आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला मागा. त्याच गावात गेल्या दोन वर्षांत किती दस्त झाले आणि त्यात घेऊन परत विकणारे किती, हे ई-सर्चवर स्वतः मोजा. ‘कागद नंतर देतो, आज दोन पार्ट्या येणार आहेत’ असं तो म्हणाला, तर त्या पार्ट्यांना जागा घेऊ द्या. कागद मिळाले आणि वाचताना अडलात, तर नावं झाकून, फक्त रकाने दिसतील असे इथे लिहा. मी बघून सांगेन.